औषधपेटीतली ती ट्यूब

(दिंडीच्या शताब्दी वर्षात विक्रोळी येथे एकादशीच्या कीर्तनानंतर औषधपेटी सांभाळणाऱ्या मंडळींनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलले तसाच ठेवला आहे.)





आम्ही औषधपेटीवाले. आम्हाला बोलायची सवय नाही. दिंडीत आमची जागा ट्रकच्या मागच्या फळीपाशी. संध्याकाळी पालं लागली, हरिपाठ झाला, पंगत उठली की आमच्यासमोर रांग लागते. कुणाचे पाय सुजलेले, कुणाला ताप, कुणाचं पोट बिघडलेलं. आमच्यापैकी एकाचं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं, एक बाई रुग्णालयातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या आणि एकजण ट्रक चालवतो. डॉक्टर आमच्यात कुणीच नाही. हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच आलेली आहे.

शताब्दीच्या पुस्तकात सेवेचं काहीतरी लिहा, असा निरोप आला. शंभर वर्षांत कोणी किती अन्नदान केलं, कोणी ताडपत्री दिली, कोणी टँकर दिला, हे इतर मंडळी लिहितीलच. आम्ही ठरवलं, आपल्या हातून सेवेच्या नावाखाली जे चुकलं ते सांगायचं. चूक लपवून शताब्दी साजरी केली तर पुढच्या पिढीच्या पेटीत पुन्हा तेच येईल.

गोष्ट एका मलमाच्या ट्यूबची आहे.

वारीत अंगाचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आळंदीहून निघालं की पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दिवे घाटात घाम, सासवडला पाऊस, नीरेला स्नान, लोणंदला पुन्हा पाऊस. धोतर ओलं, लुगडं ओलं, आतले कपडे ओले. तेच अंगावर वाळवायचे. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. पायाच्या बोटांत चिखल्या होतात. जांघेत, काखेत, कंबरेला नाडी बसते तिथे, बायकांना छातीखाली खाज सुटते. आणि चार दिवसांनी तिथे गोल चट्टा उठतो, कडेला लाल, मध्ये जरा निवळलेला. आपण त्याला गजकर्ण म्हणतो, कोणी नायटा म्हणतं.

अशा वेळी आमच्या पेटीत एक ट्यूब असायची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तसल्या ट्यूबा एकाच कंपनीच्या नव्हत्या, डझनभर नावांनी मिळत. त्यात तीन-चार औषधं एकत्र असत. बुरशी मारायचं एक, जंतू मारायचं एक आणि त्यांच्या जोडीला एक जोरदार स्टेरॉइड. स्वस्त होती. देणगीत खोकाच्या खोका मिळाला होता. आम्हाला वाटायचं, चार रोगांवर एकच औषध, वारीला याहून बरं काय?

आणि गुण यायचा, माऊली! हेच तर त्यातलं फसवं होतं. रात्री लावली की सकाळी खाज गायब. दोन दिवसांत लाली गायब. माणसं आमच्या पाया पडायची. "पेटीतलं जादूचं मलम द्या," अशी मागणी व्हायची. एक ट्यूब एका पालात गेली की दहाजण त्याच ट्यूबमधून बोट घालून घ्यायचे. जाताना लोक म्हणायचे, एखादी घरी न्यायला द्या की. आम्ही द्यायचो. सेवा होती ना!

आमच्या दिंडीत एक आबा आहेत. नाव घेत नाही, पण ते इथेच बसलेत आणि त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. आबांना एका वर्षी लोणंदला जांघेत गजकर्ण झालं. आम्ही ट्यूब दिली. गुण आला. पंढरपूरहून येताना आबांनी दोन ट्यूबा मागून नेल्या. घरी आल्यावर खाज पुन्हा सुटली, पुन्हा लावलं. थांबलं. पुन्हा सुटली, पुन्हा लावलं. ट्यूब संपली तशी तेच खोकं दाखवून मेडिकलमधून आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. आबांची विक्रोळीची खोली तुम्हाला माहीत आहे, दहा बाय बारा, माणसं सहा. एक मोरी, एक दोरी, त्या दोरीवर सगळ्यांचे कपडे. पावसाळ्यात इथे खाडीचा दमटपणा, कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. पंचा एकच. आबांचं सुनेला झालं, मुलाला झालं. सुनेने तीच ट्यूब लावली. आणि मग वर्षाच्या नातवाच्या ढुंगणावर लाल पुरळ आलं, तेव्हा आजीनं प्रेमानं तीच ट्यूब बाळालाही चोळली.

पुढच्या वर्षी प्रस्थानाला आबा आले ते लंगडत. पाल लागल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला बोलावलं आणि धोतर वर करून दाखवलं. आमच्या सिस्टर बाईंनी इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण त्याही गप्प झाल्या. गजकर्ण मांडीवरून कंबरेपर्यंत, पोटापर्यंत चढलेलं. गोल चट्टा राहिलाच नव्हता, सगळं वेडंवाकडं पसरलेलं. आणि जांघेत दोन्ही बाजूंना तांबडे-जांभळे रुंद ओरखडे, बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे, पण त्याहून खोल. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. चालताना तिथून रक्त यायचं.

आम्ही म्हटलं, "आबा, हे काय लावलंत?"

आबा म्हणाले, "तुमच्याच पेटीतलं आहे की."

रागानं नाही म्हणाले. सहज म्हणाले. त्या रात्री आम्ही तिघांनीही जेवण केलं नाही.

वारी संपल्यावर आम्ही आबांना आणि त्यांच्या सगळ्या घराला घेऊन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या त्वचाविभागात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी ट्यूब हातात घेतली, उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि आम्हाला शाळेतल्या पोरांना समजावतात तसं समजावलं. ते तुम्हाला सांगणं हेच आजचं आमचं काम.

त्या म्हणाल्या, गजकर्ण म्हणजे बुरशी. कातडीच्या वरच्या थरावर जगते. आपलं शरीर तिच्याशी लढतं, त्या लढाईमुळे लाली येते, खाज येते. स्टेरॉइड काय करतं? लढाई थांबवतं. म्हणून खाज जाते. पण बुरशी मरत नाही, उलट तिला रान मोकळं मिळतं. घराला आग लागली असताना आपण आग विझवली नाही, आरडाओरडा करणाऱ्याचं तोंड दाबलं, असं ते झालं. ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही असतं, पण खाज दोन दिवसांत गेली की माणूस लावणं सोडतो. बुरशी अर्धमेली राहते आणि परत उठते. हे वर्षभर चाललं की रोग ओळखूच येत नाही असा होतो आणि कातडी मात्र झिजते. जांघ, काख, स्तनांखालची जागा, चेहरा इथली कातडी मुळातच पातळ, तिथे औषध जास्त आत जातं. ते जांभळे ओरखडे कालांतराने फिकट होतात, पण जात नाहीत. लहान बाळाची कातडी तर फारच नाजूक, त्यात लंगोटाने ती जागा झाकलेली. त्यामुळे औषध अंगात जाऊन वाढीवरही परिणाम होऊ शकतो.

आबांच्या नातवाचं वेळीच थांबलं, पांडुरंगाची कृपा. बाळ ठीक आहे. आबांना मात्र पोटातल्या गोळ्या आणि साधं बुरशीचं मलम असं कित्येक महिने घ्यावं लागलं. ओरखडे अजून आहेत.

आता कुणी म्हणेल, मग स्टेरॉइड म्हणजे विष का? नाही, माऊली. हेही नीट ऐका, नाहीतर एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाल. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचं मलम कातडीवर वापरून पाहिलं गेलं आणि त्यानं इसबाच्या रुग्णांचे हाल संपवले. इसब, सोरायसिस, काही ॲलर्जी, यांवर आजही ते उत्तम औषध आहे. पण कोणत्या जोराचं, कुठे, किती दिवस, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. त्यात सौम्य आहेत तशी फार जोरदारही आहेत, क्लोबेटासोल त्या जोरदारांपैकी. आणि कुणी असं मलम महिनोन् महिने लावत असेल, तर आज आमचं ऐकून घाबरून एकदम फेकू नका. चेहऱ्यावर लावणाऱ्यांनी तर अजिबात नाही, कारण सोडल्यावर चेहरा लाल होऊन पेटल्यासारखा होतो. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतील.

चेहऱ्याचा विषय निघाला म्हणून आमच्या पोरीबाळींसाठी सांगतो. गोरं करणारी क्रीम म्हणून मेडिकलमधून जे दिलं जातं, त्यातल्या कितीतरी ट्यूबांत हेच असतं. २०११ साली आपल्या देशातल्या १२ केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून एक अभ्यास छापला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, मेडिकलवाल्यानं दिलं, मैत्रिणीला गुण आला, अशीच कारणं. चार दिवस चेहरा उजळतो. मग मुरमं, मग केस, मग उन्हात गेलं की आग. विठुराया काळा आहे, माऊली. त्याच्या दर्शनाला जाताना आपल्या लेकीला गोरं कशाला करायचं?

आणि आपला एक खास वारकरी त्रास. कपाळावर रोज बुक्का, अष्टगंध, कुंकू लावतो. त्यातल्या रंगाची एखाद्याला ॲलर्जी येते, कपाळ खाजतं, काळं पडतं. मग त्यावर ट्यूब आणि ट्यूबवर पुन्हा अष्टगंध! अशाने कपाळ बरं होत नाही. थोडे दिवस लावणं थांबवा, फक्त पाण्यानं धुवा, डॉक्टरला दाखवा. देवाला कपाळ रिकामं दिसलं म्हणून तो रागावत नाही.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. २०१८ साली केंद्र सरकारनं नियम बदलून अशी स्टेरॉइडची मलमं अनुसूची एच मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तसं ट्यूबवर छापलेलं असतं. पण नियम कागदावर आणि ट्यूब काउंटरवर. आमच्यातला जो काउंटरमागे उभा राहिला तो स्वतः सांगतो, "समोरचा माणूस म्हणतो खाजेचं काहीतरी द्या, मागे दहा माणसं उभी असतात, हात आपोआप त्याच ट्यूबकडे जातो. मीही दिली आहे." तेव्हा आपणच मागायची नाही, हा पहिला नियम.

याचा परिणाम एका घरापुरता राहिला नाही. औषधांना न जुमानणारं गजकर्ण गेल्या काही वर्षांत देशभर वाढलं. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी अशा एका बुरशीला नवं नाव दिलं, ते आपल्या देशावरून, ट्रायकोफायटन इंडोटिनी. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण सापडल्याची नोंद झाली. हिच्यावर टर्बिनाफिनसारखं नेहमीचं औषध पुष्कळदा चालत नाही. आपल्या देशाचं नाव जगात जायचं तर ज्ञानोबा-तुकोबांमुळे जावं, बुरशीमुळे नको.

आता कामाचं सांगतो.

ट्यूब कशी वाचायची? ब्रँडचं मोठं नाव सोडून द्या. नावाला दोन-तीन इंग्रजी अक्षरांची शेपटी असली तर जास्तच सावध व्हा. खाली बारीक अक्षरांत औषधांची नावं असतात. चष्मा लावा, नातवाला वाचायला सांगा. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, ही 'झोल'वाली नावं बुरशीच्या औषधांची. टर्बिनाफिनही त्यातलंच. आणि बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन ही 'सोन'वाली, तसंच क्लोबेटासोल, हे 'सोल'वालं, ही सगळी स्टेरॉइडं. आमचे ट्रकवाले भाऊ पोरांना असं शिकवतात: "नावात झोल असला तर औषधात झोल नाही. नावात सोन किंवा सोल असला तर समजा झोल आहे." हसलात तरी चालेल, पण लक्षात ठेवा. फक्त क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल यांत गोंधळ करू नका, सुरुवात दोघांची सारखीच आहे.

गजकर्णाला मलम कसं लावायचं? डॉक्टरबाईंनी 'दोन'चा हिशेब दिला. दिवसातून दोन वेळा. चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही आणखी दोन आठवडे. काही मलमं दिवसातून एकदाच लावायची असतात, तेव्हा डॉक्टर किंवा ट्यूबवरची सूचना सांगेल ते खरं. किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबची एक लांबट रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. जागा आधी धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मग पातळ थर लावायचा. ओल्या अंगावर मलम थापलं, वर पावडर टाकली की नुसता चिखल होतो. आणि चट्टे मोठे असतील, अंगभर असतील, परत परत येत असतील, नखात-डोक्यात असतील, किंवा गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही असेल, तर मलमाचा खेळ करू नका. सरळ डॉक्टर.

घरात एकाला झालं तर सगळ्यांचं अंग तपासा आणि सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करा. पंचा ज्याचा त्याचा. आतले कपडे सैल आणि सुती. ओला कपडा अंगावर वाळवायचा नाही. कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात घाला, आणि विक्रोळीच्या पावसात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. आबांच्या घरात एका दोरीच्या तीन दोऱ्या झाल्या आणि सहा पंचे झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधाइतकंच श्रेय या सहा पंच्यांना द्या.

खरूज वेगळी. ती किड्यामुळे होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती खाज, रात्री जास्त, आणि घरात सगळ्यांना. तिच्यावर स्टेरॉइड नको आणि बुरशीचं मलमही उपयोगाचं नाही. तिला पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम लागतं. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली सुद्धा, कोपरा न सोडता लावायचं, सकाळी अंघोळ. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री. आठवड्यानं पुन्हा एकदा. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारून. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नाही, पुन्हा पुन्हा चोळत बसू नका.

घरगुती उपायांचं म्हणाल, तर आम्ही त्यांच्या विरुद्ध नाही. पायांच्या भेगांना कोकणातलं कोकमतेल किंवा साधी पेट्रोलियम जेली यांसारखं सोपं औषध नाही. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवा, पुसा, लावा, वर सुती मोजे घाला. चालायच्या आधी मांड्यांना आणि बोटांना तीच जेली लावली तर सोलवटणं पुष्कळ कमी होतं. पण गजकर्णावर बिब्बा घालणं, लसूण ठेचून बांधणं, रॉकेल चोळणं, बॅटरीचं पाणी लावणं, हे बंद करा. भाजलेल्या जखमा आम्ही पेटीपाशी धुतल्या आहेत. पायाचा फोड सुईनं फोडून त्यात दोरा ठेवू नका. फोड झाकून ठेवा. आणि ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री आपले तळपाय दुसऱ्याकडून तपासून घ्या. साखरेनं पाय बधिर होतात, खिळा रुतला तरी कळत नाही.

एक शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल, खाजत नसेल, आणि तिथे टोचलं किंवा गरम लागलं तरी कळत नसेल, तर त्यावर कुठलंही मलम लावू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या मुंबईत वडाळ्याला १८९० पासून अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय उभं आहे, तेव्हा या रोगाला औषध नव्हतं. आज आहे. सरकारी केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने. गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच त्या माणसापासून इतरांना लागण व्हायची थांबते. वेळेवर घेतल्या तर हात-पाय शाबूत राहतात. मलम चोळत बसलं तर वेळ जातो आणि बोटं जातात.

आमच्या दिंडीत अशी एक व्यक्ती होती. चट्टा दिसला तसे पंगतीत शेजारचे दोघं सरकून बसले. तिनं ते पाहिलं, पान उचललं आणि ट्रकमागे जाऊन जेवली. त्या दिवशी आमच्या सिस्टर बाई आपलं पान घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसल्या. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी चौघी बसल्या. उपचार पूर्ण झाला, पुढच्या वर्षी ती व्यक्ती पुन्हा चालली, आजही चालते. आणि ती कोण, हे विचारू नका. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान-मोठा बघत नाही, जात बघत नाही. मग पायावरचा चट्टा बघून मागे सरायचं कशाला? लाज वाटून माणूस रोग लपवतो, लपवला की गुपचूप कुठलीतरी ट्यूब आणतो. म्हणजे ट्यूबचं मूळ पुष्कळदा आपल्या नजरेत असतं. विशेषतः आमच्या मावश्या छातीखालची, जांघेतली खाज वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. आता पेटीपाशी संध्याकाळी पडदा लावलेला असतो आणि आत बाई असते. या, बोला.

त्या वर्षी विक्रोळीला परत आल्यावर आम्ही पेटी रिकामी केली. उरलेल्या सगळ्या ट्यूबा मोजून बाजूला काढल्या. देणगी देणाऱ्या माऊलींच्या घरी जाऊन सांगितलं, तुमचा भाव सोन्याचा आहे, पण ही वस्तू आम्हाला नको. त्यांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. आज पेटीत काय असतं ते सांगतो: पेट्रोलियम जेली, साधं क्लोट्रिमाझोल, जखमेसाठी पोव्हिडोन आयोडिन, कॅलामाइन लोशन, स्वच्छ गॉज, पट्ट्या, साबण. मिश्र मलम एकही नाही. आणि एक वही. कुणाला काय दिलं, किती दिवसांनी परत बोलावलं, डॉक्टरकडे कुणाला पाठवलं, हे त्यात लिहितो. एका ट्यूबमध्ये दहा बोटं जात नाहीत. ज्याला लागेल त्याला हातावर काढून देतो. घरी न्यायला औषध देत नाही, चिठ्ठीवर औषधाचं आणि रुग्णालयाचं नाव लिहून देतो. विक्रोळीकरांना शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाडीनं चौथं स्टेशन आहे. तिथे त्वचेचा विभाग आहे, परळला केईएममध्ये आहे. रांग असते. पण वारीत दर्शनबारीला आपण किती तास उभे राहतो? स्वतःच्या कातडीसाठी एक सकाळ उभे राहा.

पहिल्या वर्षी लोकांनी नावं ठेवली. "पूर्वीची पेटी चांगली होती, आताच्या औषधाला गुण नाही." खरं आहे, साधं मलम सावकाश गुण देतं. तीन-चार आठवडे लागतात. आम्हाला ते ऐकून घ्यावं लागलं. मग स्वतः आबा रांगेत आमच्या शेजारी पाट टाकून बसायला लागले. कुणी 'जादूची ट्यूब' मागितली की आबा म्हणतात, "ये, माझी मांडी बघ आधी." त्यानंतर कुणी मागत नाही. आबांनी आम्हाला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. पण ती सेवा ते आजतागायत करतात, आणि आम्हाला वाटतं, आमची चूक त्यांनीच निस्तरली.

शताब्दीनिमित्त आमचं मागणं थोडंच आहे. यंदा येताना प्रत्येकानं आपला स्वतःचा पंचा आणा, आतल्या कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा. आणि आज घरी गेल्यावर फडताळातल्या, देव्हाऱ्याशेजारच्या, मोरीवरच्या फळीवरच्या सगळ्या ट्यूबा बाहेर काढा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. ज्यात 'सोन' किंवा 'सोल' निघेल आणि चिठ्ठी नसेल, ती पुढच्या एकादशीला इथे घेऊन या. ज्यांनी बरेच दिवस लावलं असेल त्यांच्याबरोबर रुग्णालयात आम्ही स्वतः येऊ. आबांबरोबर गेलो तसेच.

चुकलं-माकलं पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.